चिखल चालेल, सुटलेलं टर्फ नको

रग्बीचं मैदान खराब होतं असं कुणी म्हटलं की लोक लगेच चिखलाचे जुने फोटो काढून दाखवतात, दोन्ही टीमच्या जर्सी एकाच रंगाच्या झाल्यात, कोण कुठला ते कळत नाहीये, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की हीच खरी रग्बी. ते फोटो मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू. माझी तक्रार चिखलाबद्दल नाहीचे मुळी. माझी तक्रार आहे ती वरून हिरव्यागार दिसणाऱ्या, टीव्हीवर छान पट्टे मारलेल्या आणि पहिल्याच स्क्रमला, म्हणजे दोन्ही टीमचे आठ-आठ जण वाकून बॉलसाठी एकमेकांना ढकलतात तेव्हा, पायाखालून निघून येणाऱ्या मैदानाबद्दल. पाऊस कुणाच्या हातात नसतो, पण टर्फ, म्हणजे मातीच्या थरासकट अंथरलेलं गवत, कधी बदलायचं, मॅचच्या किती आठवडे आधी कॉन्सर्ट ठेवायची, मैदान गरम ठेवायची सोय करायची की नाही, हे सगळं कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं, आणि मॅच त्या निर्णयावर फिरते.

स्क्रमपासूनच सुरू करतो कारण सगळं दुखणं तिथेच आहे. दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण, टॉप लेव्हलला एका बाजूचं वजन साधारण ९०० किलोपर्यंत जातं, म्हणजे जवळपास सतराशे-अठराशे किलो माणसं एका छोट्याशा तुकड्यावर एकमेकांना ढकलत असतात आणि तो सगळा जोर शेवटी बुटाच्या स्टडमधून, म्हणजे तळाच्या खुंट्यांमधून, जमिनीत जातो. प्रॉपची, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेत कडेला असलेल्या खेळाडूची, पाठ जमिनीला समांतर, गुडघे वाकलेले, छाती खाली, आणि त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे पायाखालची माती. नियमानुसार स्टड जास्तीत जास्त २१ मिलिमीटर लांब असू शकतो. आता जर गवताची मुळंच वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये असतील आणि खाली नुसती मोकळी वाळू असेल, तर स्टड बरोबर त्या थराला पकडतो जो खालच्या थराला चिकटलेलाच नाहीये. मग टर्फ सतरंजी गुंडाळावी तसं मागे सरकतं, प्रॉपचे पाय मागे जातात, छाती खाली येते, स्क्रम कोसळतो.

आणि आता रेफरीने काय करायचं? त्याला दिसतं काय तर एका बाजूचा प्रॉप खाली गेला. तो मुद्दाम गेला, समोरच्याने ओढून नेला, ताकद कमी पडली की जमीन निसटली, हे चार वेगवेगळे प्रकार आहेत आणि बाहेरून चारही जवळपास सारखेच दिसतात. मैदान घट्ट असेल तर अनुभवी रेफरी खांद्याच्या आणि कोपराच्या कोनावरून बरंच ओळखतो. मैदान सुटं असेल तर तोही अंदाजच बांधतो, त्यात त्याचा दोष नाही. दोन-तीन वेळा रिसेट करतो, मग प्रेक्षक ओरडायला लागतात, मग एक पेनल्टी देऊन टाकतो. ती पेनल्टी म्हणजे तीन पॉइंट, किंवा टचला, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर, किक मारून पाच मीटरवर लाइनआउट (दोन रांगांमध्ये बॉल परत आत टाकणं) आणि तिथून मॉल (बॉल धरलेल्याला घेऊन घोळक्याने ढकलत जाणं) आणि ट्राय, म्हणजे बॉल समोरच्याच्या लाइनपलीकडे टेकवून पाच पॉइंट, वर गोलला किक बसली की आणखी दोन. म्हणजे ज्या टीमने वर्षभर स्क्रमवर मेहनत घेतली तिला सात पॉइंटचा फटका बसतो तो कशामुळे, तर कुणीतरी गवताला मुळं धरायला पुरेसे आठवडे दिले नाहीत म्हणून. टाय झालेल्या किंवा दोन-तीन पॉइंटने हरलेल्या मॅचमध्ये हे किती जड पडतं ते सांगायला नको.

मैदान दोघांना सारखंच असतं ना, असं म्हणणारे खूप भेटतात. नाही हो. ज्याचा स्क्रम ताकदवान आहे त्याचं नुकसान जास्त, कारण त्याच्या हातातलं हत्यारच गेलं. ज्याचे विंगर, म्हणजे कडेने पळणारे खेळाडू, वेगाने दिशा बदलतात त्यांचं नुकसान जास्त, कारण बाहेरचा पाय रोवला की खालचा तुकडा निघतो. ज्याला नुसतं लांब किक मारून प्रेशर टाकायचंय, समोरच्याच्या चुकीची वाट बघायचीये, त्याला असलं मैदान फारसं त्रास देत नाही. किकरसुद्धा, लोकांना वाटतं तो तर उभ्याउभ्या मारतो, पण गोलला मारताना सगळं वजन त्या दुसऱ्या पायावर येतं जो बॉलच्या शेजारी टेकवलेला असतो, तो दोन सेंटिमीटर सरकला की बॉल पोस्टच्या बाहेर. क्रिकेटमध्ये आपण खेळपट्टीवर तासन् तास बोलतो, ती कुणी बनवली, किती पाणी मारलं, रोलर किती फिरवला. रग्बीत अख्खं मैदानच खेळपट्टी आहे आणि त्याबद्दल कॉमेंटेटर एक वाक्य बोलून पुढे जातात.

चिखल आणि सुटलेलं टर्फ यातला फरक एकाच स्टेडियमवर बघायचा असेल तर एडिनबराचं मरेफील्ड घ्या. २ एप्रिल २०००. इंग्लंड ग्रँड स्लॅम करायला, म्हणजे सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतल्या सगळ्या मॅच जिंकायला आलेलं, स्कॉटलंड त्या सीझनच्या आधीच्या चारही मॅच हरलेलं, त्यात इटलीशीसुद्धा हरलेलं. पाऊस, बर्फाळ गारठा, मैदान भिजून गच्च. आणि स्कॉटलंड १९-१३ ने जिंकलं, सगळेच्या सगळे १९ पॉइंट डंकन हॉजचे, ट्रायसकट. ती मॅच मी नंतर परत परत बघितलीये. भिजलेलं मैदान होतं पण खाली जमीन होती. फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममधले आठ जण, रोवून उभे राहू शकत होते, स्कॉटलंडने बॉल जवळ ठेवला, तोंडावर पाऊस घेत पुढे सरकत राहिले, इंग्लंडने मात्र आपला खेळ हवामानाप्रमाणे बदललाच नाही. याला मी डोकं लावून जिंकणं म्हणतो. हवामानाने दोन्ही कॅप्टनना एक प्रश्न टाकला आणि एकाला उत्तर सापडलं.

आता तेच मरेफील्ड, ८ फेब्रुवारी २०१४, परत स्कॉटलंड-इंग्लंड, परत कॅलकटा कप, म्हणजे या दोघांमधल्या मॅचचा चषक. मधल्या काळात मैदानात नेमाटोड शिरले होते, म्हणजे मातीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंत, जे गवताची मुळं खातात. २०१३ च्या शरद ऋतूतल्या टेस्ट, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मॅचेसमध्येच मैदानाचे लचके निघत होते. त्यावर उपाय म्हणून लसणाचा फवारा मारला गेला, हे वाचून लोक हसले होते पण नेमाटोडवर लसणाचा अर्क खरंच वापरतात. फेब्रुवारीपर्यंत मुळं काही परत आली नाहीत, थंडीत येणारच नव्हती. मॅच इंग्लंडने २०-० अशी जिंकली. इंग्लंड त्या दिवशी कुठल्याही मैदानावर जिंकलं असतं असंच मला वाटतं, त्याबद्दल वाद नाही. पण ती मॅच म्हणून बघवत नव्हती. जिथे स्क्रम झाला तिथे नुसते खड्डे आणि उलटी पडलेली ढेकळं, मग मधल्या वेळात ती पायाने दाबत बसायचं. चौदा वर्षांपूर्वी याच ठिकाणी इतके हाल असूनही मॅच जिवंत होती आणि इथे पाऊस तितका नसूनही मेलेली. त्याच उन्हाळ्यात त्यांनी सगळं उकरून हायब्रिड मैदान बसवलं.

हायब्रिड म्हणजे काय ते थोडं सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं ते प्लास्टिकचं मैदान आहे. तसं नाहीये. गवत खरंच असतं, पण त्यात मशीनने प्लास्टिकचे धागे साधारण २० सेंटिमीटर खोल टोचलेले असतात, धागे थोडेसेच वर दिसतात, सगळ्या पृष्ठभागात त्यांचा वाटा जेमतेम ३ टक्के वगैरे. गवताची मुळं त्या धाग्यांना गुंडाळत खाली जातात आणि वाळू जागच्या जागी राहते. इंग्लंडच्या ट्विकेनहॅमने हे २०१२ मध्ये केलं, मरेफील्ड आणि वेल्सच्या कार्डिफने २०१४ मध्ये. फरक उघड दिसतो, कुणीही दोन्ही काळातल्या मॅच लागोपाठ लावून बघाव्यात.

कार्डिफची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला जास्त राग तिथलाच येतो. मिलेनियम स्टेडियम, आता ज्याला प्रिन्सिपॅलिटी म्हणतात, १९९९ च्या वर्ल्ड कपसाठी बांधलं. सरकतं छप्पर, मैदानाला अगदी चिकटून उंचच्या उंच स्टँड, आवाज असा घुमतो की टीव्हीवरसुद्धा अंगावर काटा येतो, जगातलं रग्बीचं सगळ्यात भारी स्टेडियम कुठलं विचारलं तर मी डोळे मिटून तेच नाव घेईन. आणि तिथे गवत उगवत नव्हतं! उगवणार कसं, ऊन आत येत नाही, वारा आत फिरत नाही, स्टँडची सावली दिवसभर. मूळ आयडिया अशी होती की मैदान हजारो ट्रेमध्ये वाढवायचं, ते ट्रे आणून शेजारी शेजारी लावायचे, कॉन्सर्ट असली की उचलून ठेवायचे. २००१ पासून तिथे स्पीडवेच्या मोटरसायकली पण धावायला लागल्या. कागदावर मस्त. पण ट्रे म्हणजे उथळ माती, प्रत्येक ट्रेला कड, कडेला सांधा, आणि त्या सांध्यावर आठ जणांचा नऊशे किलोचा पॅक जोर लावतोय. कित्येक वर्षं सिक्स नेशन्सच्या मधेच तिथलं टर्फ बदलायची वेळ यायची आणि दर वेळी नवीन टर्फ आलं की परत तीच रड, कारण नव्या टर्फला मुळं धरायला आठवडे लागतात आणि मॅच तर पुढच्या शनिवारी. जाड कापलेले तुकडे आणून नुसते त्यांच्या वजनावर बसवतात, ते धावण्यापुरते टिकतात, स्क्रमला नाही. इतकं सुंदर स्टेडियम बांधणाऱ्यांनी गवताचा विचार सगळ्यात शेवटी केला असं वाटत राहतं. आणि वेल्स म्हणजे असा देश जिथे लोक फ्रंट रोची, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेतल्या तिघांची, नावं पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवतात, त्यांच्याच घरच्या मैदानावर स्क्रम उभा राहू नये, हे मला खरंच लागतं.

फेब्रुवारी-मार्च हाच सिक्स नेशन्सचा काळ, आणि उत्तर युरोपात तेव्हा जमीन इतकी थंड असते की गवताची वाढ जवळजवळ थांबलेली असते, साधारण पाच-सहा डिग्रीच्या खाली ते वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे एकदा फाटलं की मार्चअखेर फाटलेलंच. म्हणून मग चाकांवरचे ते भले मोठे दिवे मैदानावर रात्रभर फिरवतात, खालून गरम पाण्याचे पाइप टाकतात. हे सगळं खर्चिक आहे हे मान्य.

पण खर्च नको म्हणून काय होतं ते ११ फेब्रुवारी २०१२ ला पॅरिसमध्ये दिसलं. फ्रान्स-आयर्लंड, रात्रीची मॅच, स्टाद द फ्रान्स भरलेलं, जवळपास ऐंशी हजार लोक कडाक्याच्या थंडीत बसलेले, टीम तयार, आणि किकऑफला काही मिनिटं उरली असताना रेफरी डेव्ह पिअरसन यांनी मैदान गोठलंय म्हणून मॅच रद्द केली. त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. गोठलेल्या जमिनीवर टॅकलमध्ये डोकं आपटलं तर तो दगडच असतो. माझा प्रश्न एवढाच की १९९८ साली उघडलेल्या राष्ट्रीय स्टेडियमच्या खाली हीटिंग का नव्हतं? मरेफील्डने १९५९ सालीच जमिनीखाली विजेच्या तारा टाकून घेतल्या होत्या, लोक त्याला इलेक्ट्रिक ब्लँकेट म्हणायचे. एकोणचाळीस वर्षांनंतर बांधलेल्या स्टेडियममध्ये ती सोय नाही, आणि मग रात्री नऊची मॅच ठेवायची ती पण फेब्रुवारीत. मॅच ४ मार्चला खेळली गेली, १७-१७ बरोबरीत सुटली, पण त्यामुळे आयर्लंडला सलग चार वीकेंड टेस्ट मॅच खेळाव्या लागल्या. चौथी मॅच ट्विकेनहॅमला, १७ मार्च, त्यांचा टाइटहेड, म्हणजे उजव्या बाजूचा, प्रॉप माइक रॉस मान दुखावून बाहेर गेला आणि मग इंग्लंडने त्यांचा स्क्रम अक्षरशः चिरडला, पेनल्टी ट्राय, म्हणजे समोरच्याच्या नियमभंगामुळे रेफरीने बहाल केलेला ट्रायसुद्धा मिळाला, ३०-९. रॉसची दुखापत वेळापत्रकामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध करता येत नाही. पण सलग चार आठवडे फ्रंट रोला झिजवायचं आणि त्याचं कारण एका मैदानाखाली पाइप नसणं, हे योग्य आहे असं कुणी मला पटवून दाखवावं.

अतिपावसाची पण एक मर्यादा असते हां. मी वर चिखलाची बाजू घेतली म्हणून कुणी १९७५ चं ऑकलंडचं ईडन पार्क माझ्या तोंडावर मारेल, न्यूझीलंड-स्कॉटलंड, मैदानावर चक्क तळी साचलेली, न्यूझीलंड २४-० ने जिंकलं. ती मॅच व्हायला नको होती, रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठी होणाऱ्या झोंबाझोंबीच्या, तळाशी माणसाचं तोंड पाण्यात दाबलं जात असेल तर तो खेळ थांबवलाच पाहिजे. आणि १९९५ च्या वर्ल्ड कपची डर्बनची सेमीफायनल तर सगळ्यांना माहीत आहे, दक्षिण आफ्रिका-फ्रान्स, बायका झाडू घेऊन पाणी लोटतायत, मॅच तासाभराहून जास्त लांबलेली. मॅच रद्द झाली असती तर फ्रान्स फायनलला गेलं असतं, कारण आफ्रिकेचा जेम्स डाल्टन आधी कॅनडाविरुद्ध रेड कार्ड घेऊन बसला होता आणि नियमात शिस्तीचा रेकॉर्ड बघायचा होता. आफ्रिका १९-१५ ने जिंकली, शेवटी शेवटी फ्रान्सचा अब्देल बेनाझी ट्रायलाइनपासून वीतभर अंतरावर थांबला. कोरड्या मैदानावर तो पुढे घसरला असता की आधीच अडवला गेला असता, यावर लोक अजून भांडतात. मी भांडत नाही. ते आभाळाने केलं, आणि तिथल्या माणसांनी हातात झाडू घेऊन जे करता येत होतं ते केलं.

याच्या अगदी उलट उदाहरण २०१९ चं योकोहामा. १२ ऑक्टोबरला हगिबिस टायफून आलं, वर्ल्ड कपच्या तीन मॅच रद्द झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी जपान-स्कॉटलंड झाली. ते स्टेडियम त्सुरुमी नदीचं पुराचं पाणी साठवायच्या जागेत खांबांवर उभं आहे, पाणी खाली जाऊ द्यायचं हे डिझाइनमध्येच आहे. आणि त्या मैदानावर जपान काय खेळलं! इनागाकी नावाचा प्रॉप, ज्याने तोपर्यंत टेस्टमध्ये एकही ट्राय केला नव्हता, तो एकामागून एक ऑफलोड (टॅकल होता होता दिलेले पास) झाल्यावर पोस्टखाली जाऊन पडला. २८-२१, जपान पहिल्यांदाच क्वार्टरफायनलला. आदल्या रात्री वादळ येऊन गेलंय आणि खेळाडू पाय रोवून वेगाने वळतायत, मला त्या दिवशी ट्रायइतकंच कौतुक मैदान सांभाळणाऱ्या लोकांचं वाटलं होतं.

मग पूर्ण कृत्रिम टर्फच टाका ना सगळीकडे, हा पुढचा प्रश्न येतोच. इंग्लंडच्या सारासेन्स क्लबने २०१३ मध्ये टाकलं, त्याच वर्षी कार्डिफ ब्लूजने, मग न्यूकॅसल, ग्लासगो, २०२० मध्ये ग्लॉस्टर. स्क्रम उभा राहतो, बॉल कोरडा, खेळ वेगवान, मॅच रद्द होत नाही, छोट्या क्लबला दिवसभर त्याच मैदानावर मुलांना खेळवता येतं. हे सगळं खरं आहे आणि क्लबांनी तो निर्णय का घेतला ते मला समजतं. पण गुडघ्याची आणि कोपराची कातडी सोलून निघते, त्या जखमा आठवडाभर चिघळतात, आणि स्टड जमिनीत अडकून राहिला की पाय फिरत नाही आणि गुडघा फिरतो. खूप कमी पकड जशी वाईट तशी खूप जास्त पकडही वाईट, गवताचा तुकडा थोडासा निघून जाणं हे सांध्यांच्या दृष्टीने चांगलंच असतं. शिवाय त्या टर्फमध्ये भरलेले रबराचे बारीक दाणे बुटातून, पाण्यातून सगळीकडे जातात, युरोपियन युनियनने २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकवर जे निर्बंध आणले त्यात असं भरण आठ वर्षांच्या मुदतीनंतर विकता येणार नाहीये. म्हणजे आज ज्यांनी ते टाकलंय त्यांना नारळाच्या काथ्यासारखा किंवा बुचासारखा दुसरा पर्याय शोधावाच लागणार. माझं मत विचाराल तर मोठ्या स्टेडियमला हायब्रिड, आणि जिथे पैसा नाही आणि वापर प्रचंड आहे तिथे कृत्रिम, पण खाली शॉकपॅड, म्हणजे धक्का शोषणारा थर, असलंच पाहिजे आणि नियमित टेस्ट झालीच पाहिजे. पॅरिसच्या ला डिफान्समध्ये बंद छपराखाली कृत्रिमवर रासिंग ९२ ही क्लबची टीम खेळते ते बघायला मजा येते, पण न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला पारदर्शक छपराखाली खरं गवत वाढवून दाखवलंय, २०११ पासून, त्यामुळे छप्पर आहे म्हणून गवत नाही हे कारण मला पटत नाही.

हायब्रिडसुद्धा एकदा टाकलं की झालं असं नसतं. दर उन्हाळ्यात वरचा थर खरवडून काढायचा, परत बी पेरायचं, मुळं खाली जायला शांतपणे वेळ द्यायचा. आणि नेमका तोच उन्हाळा कॉन्सर्टचा सीझन. हजारो माणसं, स्टेजचं वजन, गवतावर दिवसेंदिवस झाकलेल्या प्लेट्स. युनियनना, म्हणजे त्या त्या देशाच्या रग्बी संघटनांना, कॉन्सर्टचे पैसे लागतात, त्या पैशातून खालच्या लेव्हलची रग्बी चालते, त्यामुळे बंद करा असं मी म्हणत नाही. पण जूनची शेवटची कॉन्सर्ट आणि शरद ऋतूतली पहिली टेस्ट यात गवताला किती आठवडे मिळतात हे ठरवताना ग्राउंड्समनला खोलीत बसवतात का, मला शंका आहे.

नियमाचं म्हणाल तर रग्बीचा पहिलाच नियम मैदानाबद्दल आहे, पृष्ठभाग कायम सुरक्षित असला पाहिजे, मॅचआधी कुठलीही टीम आक्षेप घेऊ शकते, कुठलाही भाग धोकादायक वाटला तर रेफरी मॅच सुरू करणार नाही. छान लिहिलंय. पण प्रत्यक्षात ऐंशी हजार लोक आत, टीव्हीवर अँथम सुरू, आणि एका माणसाने किकऑफच्या तोंडावर बूट घासून ठरवायचं? पॅरिसला डेव्ह पिअरसननी ते धाडस केलं. पण गोठलेली जमीन निदान पायाला कळते, सुटलेलं टर्फ पहिला स्क्रम होईपर्यंत कळतच नाही. २०२३ मध्ये वेळ वाचवायला रेफरीने मार्क दिल्यापासून, म्हणजे जागा दाखवल्यापासून, तीस सेकंदांत स्क्रम लावायचा असं आलं, ठीक आहे, पण तीस सेकंदांत लावलेला स्क्रम जमीन निसटल्यामुळे तीनदा कोसळला तर वाचलं काय? आणि तिथे फ्रंट रोच्या माना खाली असतात, हे विसरून कसं चालेल.

मोजायची साधनं आहेत. ठरावीक उंचीवरून वजन टाकून जमीन किती कडक ते कळतं, स्टड लावलेली चकती दाबून फिरवली की टर्फ किती जोराला सुटतं ते कळतं. कृत्रिम मैदानाला वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या रेग्युलेशन २२ प्रमाणे अशा टेस्ट पास केल्याशिवाय मान्यताच मिळत नाही. मग आंतरराष्ट्रीय मॅचच्या गवताच्या मैदानाचीही टेस्ट गुरुवारी करा, जिथे जास्त स्क्रम होतात त्या पट्ट्यांत करा, आणि आकडे टीमशीटबरोबर, म्हणजे खेळाडूंच्या यादीबरोबर, जाहीर करा. आकडा खाली असेल तर मॅच दुसऱ्या स्टेडियमवर हलवायला निदान दोन दिवस हातात राहतील, आणि तिकीट काढलेल्या माणसालाही घरून निघायच्या आधी कळेल.